नामदेवांच्या दोन प्रती आणि घरचा कॉम्प्युटर

पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या मुलामुलींचे प्रश्न मला बरेच येतात. विषय कसा निवडायचा, गाईड कसा मिळवायचा, सिनॉप्सिस किती पानांचा असावा. पण जमवलेलं साहित्य कुठे आणि कसं ठेवायचं, हे सहसा कोणी विचारत नाही. मीच विषय काढला तर ‘पेनड्राइव्हवर आहे’ किंवा ‘गुगल ड्राइव्हला टाकलंय की’ एवढ्यावर तो मिटतो. आज त्याच विषयाचा थोडा इतिहास सांगतो. घरच्या कॉम्प्युटरवरच्या फायलींची नक्कल आपोआप होत राहावी ही कल्पना कुठून आली, आणि त्या ‘आपोआप’मध्ये नेमकं काय काय येतं? सुरुवात मात्र कॉम्प्युटरपासून करणार नाही. हिंगोली तालुक्यातल्या नर्सी नामदेव या गावापासून करणार आहे. माझा अभ्यास त्या भागातल्या कीर्तनपरंपरेचा आहे हे एक कारण. दुसरं कारण असं की शब्द टिकवण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती त्या गावाच्या एकाच कवीच्या बाबतीत शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात.

नर्सी कयाधू नदीच्या काठी आहे. परंपरेनं हे संत नामदेवांचं जन्मगाव. काही अभ्यासक पंढरपूरकडे कल देतात, तो वाद इथे नको. काळ साधारण १२७० ते १३५०. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच की नामदेव मुळात कीर्तनकार. उभं राहून, टाळ घेऊन, समोरच्या माणसांना ऐकवणारा हा कवी. त्यांच्या हातची एकही वही आज आपल्यापाशी नाही. जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका अभंगात कोणत्या संताचे अभंग कोण लिहून घेत होतं याची यादी आहे, म्हणजे उतरवून घेण्याची प्रथा होती. पण ते कागदही उरले नाहीत. नामदेवांच्या रचना असलेली जी जुनी हस्तलिखितं अभ्यासक वापरतात ती सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची. मध्ये अडीचशे वर्षांच्या आसपासची पोकळी. त्या काळात देवगिरीचे यादव गेलेले, दिल्लीची सत्ता येऊन गेली, बहमनी राज्य आलं आणि फुटलं, दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. मग शब्द राहिले कशात?

राहिले गाण्यात, आणि बाडांत. ज्यांनी बाड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोथी म्हणजे आडवी, सुटी पानं, कापडात बांधलेली. बाड म्हणजे अरुंद, उभी वही, वरच्या कडेला शिवलेली. पान वर उलटायचं. कीर्तनकार ती हाताशी ठेवतो. आत एकाच कवीचं सगळं साहित्य क्रमानं सापडेल अशी अपेक्षा करू नका. एका प्रसंगावर कीर्तन उभं करायला जे लागतं ते: दोन अभंग नामदेवांचे, एक एकनाथांचा, एक आख्यान, मध्येच पद, कडेला कुठल्या गावी कीर्तन झालं त्याची नोंद. ख्रिश्चन नोव्हेट्झके यांनी २००८ साली आलेल्या ‘रिलिजन अँड पब्लिक मेमरी’ या पुस्तकात नामदेव-परंपरा बाडांच्या अंगानं वाचली आहे. मराठी हस्तलिखितांवर काम करू पाहणाऱ्यांनी ते पुस्तक वाचावंच, पटो न पटो.

माझ्या मुद्द्यासाठी बाडातली एक गोष्ट पुरे. ते लिहिणारा माणूस ‘आता हे जतन करू’ असं म्हणून बसलेला नव्हता. परवाच्या एकादशीला कीर्तन आहे, त्याला अमुक अभंग हवा, गुरूच्या बाडात तो आहे, म्हणून उतरवला. पुढे त्याच्या शिष्यानं त्याच्याकडून उतरवला. नक्कल करणं हे वेगळं काम नव्हतंच, रोजच्या कामाच्या पोटातच ते होऊन जात होतं. कोणाला आठवण ठेवावी लागत नव्हती, कोणाच्या शहाणपणावर ते अवलंबून नव्हतं. एका गावातलं बाड वाळवीनं खाल्लं तरी चार गावांत त्यातले अभंग दुसऱ्यांच्या बाडांत शिल्लक असत. ‘आपोआप’ या शब्दाचा पहिला अर्थ हा: माणसाच्या आठवणीवर न सोडलेली नक्कल.

आता या पद्धतीची किंमत बघा. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा कवी होऊन गेला. महाभारताच्या कथांवर त्याची मोठी रचना आहे. त्याच्याही कवितेत ‘नामा’ येतो. आणि ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा, विष्णूचा दास असलेला नामा अशा अर्थानं, थोरल्या नामदेवांच्या मानल्या गेलेल्या अभंगांतही दिसते. बाडात उतरवून घेणाऱ्याला हा कोणता नामा याच्याशी कर्तव्य नव्हतं. अभंग चांगला आहे, कीर्तनात रंगतो, घ्या. असं दोन-अडीच शतकं चाललं. महाराष्ट्र शासनानं १९७० साली काढलेल्या नामदेव गाथेत अभंगांची संख्या दोन हजारांच्या वर आहे आणि त्यातले मूळ नामदेवांचे कोणते हा प्रश्न अभ्यासकांना आजही सुटलेला नाही. यात कोणी लबाडी केली असं नाही. प्रत जिवंत होती, वाढत होती, आणि जुनी अवस्था जपून ठेवण्याची सोय तिच्यात नव्हती. तुमच्या लॅपटॉपवरच्या ‘प्रकरण ३ फायनल नवीन खरं’ या फाईलची अवस्था हीच आहे. फक्त तिथले दोन्ही नामे तुम्हीच असता, मार्चमधले आणि सप्टेंबरमधले.

दुसरी पद्धत पंजाबात दिसते. परंपरा सांगते की नामदेव उत्तरेकडे गेले आणि उत्तरायुष्याचा मोठा काळ आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे राहिले. (२०१५ सालचं ८८वं मराठी साहित्य संमेलन तिथेच झालं.) पाचवे शीखगुरू अर्जनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला; लेखनिक होते भाई गुरदास. त्यात नामदेवांच्या नावाची ६१ पदं आहेत. पुढे नवव्या गुरूंची रचना त्यात आली आणि ग्रंथ पूर्ण झाला. तेव्हापासून त्यात भर नाही, वजाबाकी नाही. आजच्या प्रमाण छापील प्रतीची पानं १४३०, कुठल्याही गुरुद्वारात गेलात तरी पद त्याच पानावर.

त्या ग्रंथात एक व्यवस्था आहे, तिच्याकडे संशोधकानं थांबून पाहावं. पदाच्या शेवटी आकडे येतात. या पदाची कडवी किती, आणि या गटात हे कितवं पद. कोणी मध्येच एखादं पद घातलं किंवा गाळलं तर पुढची मोजणी चुकते आणि चोरी उघडी पडते. कॉम्प्युटरच्या भाषेत याला चेकसम म्हणतात: मजकुराबरोबर मजकुराचा हिशोबही ठेवायचा, म्हणजे नक्कल बरोबर झाली की नाही हे मूळ समोर नसतानाही कळतं.

१७०८ च्या ऑक्टोबरात नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी याच ग्रंथाला गुरुपद दिलं. नांदेड म्हणजे हिंगोलीच्या शेजारचा जिल्हा. नर्सीच्या कवीचे शब्द चारशे वर्षांनी असे जवळपास घराच्या दारात परत आले, गोठवलेल्या, मोजलेल्या रूपात. मला हा योगायोग फार आवडतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानं आवडीवर भागवू नये, म्हणून लगेच सांगतो: पंजाबातली ६१ पदं ही मराठी गाथेची नक्कल नव्हे. भाषा वेगळी, आणि बरीचशी पदं मराठी अभंगांशी ओळीला ओळ जुळवून दाखवता येत नाहीत. दोन्हीकडचा नामदेव एकच का, यावरही वाद आहे. तेव्हा ‘महाराष्ट्रात हरवलेलं पंजाबनं राखलं’ असं सोपं वाक्य प्रबंधात लिहू नका, परीक्षक पकडतील. मी तुलना करतोय ती मजकुराची नाही, राखण्याच्या रीतीची. एक रीत वापरातून पसरणारी, सतत ताजी होणारी, म्हणून बदलणारी. दुसरी तारखेला गोठवलेली, म्हणून न बदलणारी. पहिलीमुळे शब्द मरत नाहीत. दुसरीमुळे ते शब्द एका विशिष्ट दिवशी काय होते, हे कळतं. संशोधकाला दोन्ही लागतात, आणि घोटाळा होतो तो पहिलीला दुसरी समजल्यामुळे.

दोन्ही नसल्यावर काय होतं त्याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपूरला चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केलं. खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली असं महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. हिराइसेचं नाव त्यात प्रामुख्यानं येतं. ग्रंथ परत मिळाला, पण एक नव्हे, अनेक पाठांत. १९७८ साली वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती आली तीही या पाठांच्या गर्दीतून वाट काढतच. हरवलेला डेटा स्मरणातून ‘रिस्टोर’ करता येतो, हे खरं. फक्त प्रत्येकाचं स्मरण थोडं वेगळं निघतं.

आता कॉम्प्युटरकडे वळू. तिथेही या दोन रीती जवळजवळ सुरुवातीपासून वेगळ्या आहेत. १९५० च्या दशकात मोठ्या यंत्रांना चुंबकीय टेप जोडल्या गेल्या आणि ‘गोठवून कपाटात ठेवायची’ प्रत शक्य झाली. तुम्ही कधी ‘टार’ नावाची फाईल डाउनलोड केली असेल. ते नाव ‘टेप आर्काइव्ह’ वरून आलंय. बेल लॅब्जच्या युनिक्सची सातवी आवृत्ती १९७९ साली आली, तिच्यात टार होतं आणि ‘क्रॉन’ही होतं. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी ठरलेलं काम करून टाकणारा कार्यक्रम, नाव ग्रीक ‘क्रोनोस’, म्हणजे काळ, यावरून. रोज पहाटे दोनला टेपवर प्रत घे, असं एका ओळीत त्याला सांगून ठेवायचं. हा नित्यनेमच. करणारं यंत्र आहे एवढाच फरक.

टेपा महाग, म्हणून त्या फिरवून वापरायची पद्धत पडली. तिला इंग्रजीत आजा-बाप-लेक अशाच अर्थाचं नाव आहे. रोजची टेप हा लेक, आठवड्याची बाप, महिन्याची आजा. सोमवारची टेप पुढच्या सोमवारी पुसून पुन्हा वापरायची, आठवड्याची महिनाभर ठेवायची, महिन्याची त्याहून लांब. यामागचं गणित मला फार व्यवहारी वाटतं. कालची चूक आज लक्षात येते, तेव्हा लेक पुरतो. पण दोन महिन्यांपूर्वी चुकून पुसलेला परिच्छेद आज आठवला तर आजाकडेच जावं लागतं. नामदेव गाथेला आजा असता, म्हणजे विष्णुदास नाम्याच्या आधीची एक तारखेची प्रत कपाटात राहिली असती, तर कितीतरी वाद झालेच नसते.

ही सगळी सोय विद्यापीठांच्या आणि बँकांच्या यंत्रांना होती. तिथे टेप बदलायला पगारी माणूस असे. कॉम्प्युटर घरी आला आणि तो माणूस गळाला. आमच्याकडे घरी कॉम्प्युटर आला तेव्हाची साधनं म्हणजे १.४४ एमबीची फ्लॉपी, नंतर सीडी. प्रत घेणं हे आता घरातल्याच कोणाचं तरी वेगळं, कंटाळवाणं काम झालं. आठवण राहिली तर करायचं. आणि आठवण राहते ती काहीतरी गेल्यावर.

ही अडचण सुटण्यात एका पीएच.डी.चा वाटा आहे, आणि तुम्ही त्याच वाटेवर असल्यामुळे ते सांगायलाच हवं. अँड्र्यू ट्रिजेल ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधन करत होते. पॉल मॅकेरास यांच्यासोबत त्यांनी १९९६ साली ‘आरसिंक’ प्रसिद्ध केलं. त्यामागचा विचार त्यांच्या १९९९ च्या प्रबंधात आहे. प्रश्न असा होता: एक मोठी फाईल दोन ठिकाणी आहे, एकीकडे थोडी बदलली आहे, मधली तार अगदी मंद आहे. सगळी फाईल न पाठवता फक्त बदल कसा पाठवायचा? बदल कुठे आहे हे कळायला दोन्ही फायली शेजारी ठेवाव्या लागतील, आणि तेच तर शक्य नाही. त्यांची युक्ती बाडाच्या भाषेत सांगतो. समजा एक बाड वसमतला आहे, त्याचीच सुधारलेली प्रत सेनगावला. वसमतचा माणूस आपल्या बाडाचे सारखे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याची एक छोटी बेरीज काढतो आणि फोनवर फक्त बेरजा वाचून दाखवतो. सेनगावचा माणूस आपल्या प्रतीत कुठे कुठे त्याच बेरजेचे तुकडे आहेत ते शोधतो. मध्ये नवा अभंग घातल्यानं पुढचं सगळं सरकलं असलं तरी त्याला ते सापडतात. मग तो एवढंच सांगतो, ‘पहिले वीस तुकडे तुझेच ठेव, मग हा नवा अभंग लिहून घे, पुढे पुन्हा तुझेच.’ पुन्हा बेरीज आलीच. यामुळे रोजची नक्कल स्वस्त झाली, आणि स्वस्त झाली म्हणून ती माणसाला न विचारता करता येऊ लागली.

घरच्या यंत्रात ही सोय ठळकपणे आली ती अॅपलच्या टाइम मशीनमुळे, २००७ साली. बाहेरची हार्ड डिस्क लावा, एकदा ‘हो’ म्हणा, संपलं. गेल्या चोवीस तासांच्या दर तासाच्या प्रती, गेल्या महिन्याच्या रोजच्या, त्याआधीच्या दर आठवड्याच्या. डिस्क भरली की सगळ्यात जुनी जाते. म्हणजे आजा-बाप-लेकच, फक्त टेप बदलणारा पगारी माणूस नको. विंडोजमध्ये ‘फाईल हिस्ट्री’ २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी विंडोजच असतं आणि ही सोय तिथे पडून असते, बंद.

ती बंद राहण्याचं एक कारण मला वाटतं ते असं की त्याच सुमाराला ड्रॉपबॉक्स (२००८) आणि गुगल ड्राइव्ह (२०१२) आले आणि आपण त्यांनाच बॅकअप म्हणू लागलो. ते मुळात सिंक आहे. घरी फाईल बदलली की तिकडे बदलते, घरी पुसली की तिकडे पुसली जाते. हे बाड झालं. विनंती एवढीच की त्याला ग्रंथ समजू नका. जुन्या आवृत्त्या आणि कचरापेटी तिथे असते, पण गुगल ड्राइव्हची कचरापेटी तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते. प्रबंधाचं काम पाच वर्षं चालतं. तीस दिवसांत लक्षात न आलेल्या चुका त्यात किती असतील, तुम्हीच मोजा.

अमेरिकेतल्या पिक्सार या अॅनिमेशन कंपनीत १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ चं काम चालू असताना कोणाच्या तरी एका आज्ञेनं चित्रपटाच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. बॅकअप होता. पण तो कित्येक दिवस नीट चालत नव्हता, आणि हे कोणाला माहीत नव्हतं, कारण त्यातून काही परत काढून बघायची वेळच आली नव्हती. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरमुळे. त्यांचं बाळ लहान होतं, घरून काम करता यावं म्हणून त्यांनी घरी प्रत ठेवली होती. जतन करायला नव्हे, कामाला. ही गोष्ट ऐकली की मला बाडच आठवतं.

दुसरी घटना आपल्या जास्त जवळची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअप घेणाऱ्या व्यवस्थेतच एक सुधारणा करताना चूक झाली. जुन्या नोंदी साफ करणारा कार्यक्रम चालू असतानाच त्याच्या जागी नवा टाकला गेला आणि त्यानं संशोधकांच्या फायलीच साफ केल्या: ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, १४ संशोधन गट. त्यातल्या ४ गटांचा डेटा परत मिळवता येण्यासारखा नव्हता. नुकसान करणारा कार्यक्रम आपोआप, वेळच्या वेळी, अगदी न चुकता चालला होता. ‘ऑटोमॅटिक आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

यावर जुना उपाय आहे, वाचणं. अखंड पाठात गुरू ग्रंथ साहिब सलग सुमारे ४८ तास पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो. आपल्याकडे सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण सात दिवस चालतं. वाचणारा अडखळला तर ऐकणाऱ्यांतला एखादा म्हातारा बसल्या जागेवरून शब्द सांगतो. भक्ती हा त्याचा हेतू, पण प्रत शाबूत आहे का याची तपासणीही त्यात होऊन जाते. आपण एवढं करणार नाही, पण महिन्यातून एकदा बॅकअपच्या डिस्कवरची कोणतीही पाच फायली निवडून, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून बघायला काय हरकत आहे? नुसत्या यादीत नाव दिसलं म्हणून भागत नाही. ऑडिओ असेल तर शेवटचं मिनिट ऐका, कारण अर्धवट नक्कल झालेली फाईल सुरुवातीला अगदी ठणठणीत वाजते.

हिंगोलीसारख्या ठिकाणी यात एक अडचण येते, ती बाहेरच्या मार्गदर्शक पुस्तकांत नसते. पुस्तक सांगतं, बॅकअप पहाटे दोनला लावा. पहाटे दोनला आपला कॉम्प्युटर बंद असतो, किंवा लाईट गेलेली असते. क्रॉन मोठ्या, कधीच बंद न होणाऱ्या यंत्रांसाठी जन्मला. वेळ टळली की तो ते काम सोडून देतो आणि कोणाला सांगतही नाही. म्हणूनच पुढे ‘अॅनाक्रॉन’ आलं, जे यंत्र चालू झाल्यावर राहिलेलं काम उरकतं. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये हीच गोष्ट एका खुणेच्या चौकोनात आहे: ठरलेली वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव. तो चौकोन भरलेला नसतो, भरा. त्याहून बरं म्हणजे वेळ संध्याकाळी आठची ठेवा, जेव्हा तुम्ही तसेही यंत्रासमोर असता. लिहिणं चालू असताना नक्कल व्हावी. हे बाडाचंच तत्त्व.

जागेचा हिशोबही करून ठेवा. चांगल्या दर्जाचं, न दाबलेलं ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ एमबी घेतं. गुगलचे फुकटचे १५ जीबी, त्यातच तुमची ई-मेल आणि फोटो. सगळे रिकामे धरले तरी २३-२४ तासांचं कीर्तन मावेल. एका सप्ताहातच ते भरतात. म्हणजे क्षेत्रकार्य करणाऱ्याला फुकटच्या ढगावर भागत नाही, बाहेरची डिस्क लागतेच. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम इथे कामाला येतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. शेवटच्या एकाचं महत्त्व कळायला फार लांब जायला नको. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसला आणि नासधूस झाली, ती वाचा. आणि डिस्क चोवीस तास जोडलेली ठेवू नका. खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर जोडलेली डिस्कही तो कुलूपबंद करतो. दोन डिस्क घ्या, एक जोडलेली, एक कपाटात, दर रविवारी अदलाबदल.

जाता जाता: औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. अमेरिकेत असे दोन शोधक एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर मुद्दाम बांधले, कारण एका ठिकाणची थरथर म्हणजे शेजारून गेलेला ट्रकही असू शकतो. १४ सप्टेंबर २०१५ ला दोन्हीकडे तीच थरथर उमटली म्हणून ती विश्वातली मानली गेली. पाठचिकित्सेत आपण हेच करतो. एकमेकांवरून न उतरवलेल्या दोन प्रती एकच शब्द देत असतील तर तो शब्द जुना.

फायलींच्या नावांबद्दल एकच सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र लिहायचं आहे. तारीख नावात घाला, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. यादी आपोआप कालक्रमानं लागते. आणि ठिकाणाचं नाव लिहिताना जिल्हा लिहून थांबू नका. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या छापील साधनांत नर्सी परभणीत आहे, आणि १९४८ च्या आधीच्या कागदांत हैदराबाद संस्थानात. गाव, तालुका, आणि साधनात ज्या जिल्ह्याचं नाव आहे ते, अशा तिन्ही गोष्टी नोंदवा.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटत असेल तर आपल्या फायली नेमक्या कसल्या आहेत ते बघा. पूर्ण झालेला प्रबंध शोधगंगेवर जातो, तो हरवायचा नाही. तिथे जात नाहीत ते फोटो आणि ध्वनिमुद्रणं. एखाद्या घरी माळ्यावर बाड असतं, कडा भुरभुरत असतात, आजोबा ते उघडू देतात, तुम्ही मोबाइलवर दीडशे पानांचे फोटो काढता. पुढच्या पावसाळ्यात ते घर पाडून सिमेंटचं होतं. ते आजोबा जी चाल गाऊन दाखवतात ती त्यांच्या मुलाला येत नाही. त्या क्षणापासून तुमचा घरचा कॉम्प्युटर हेच त्या साधनाचं एकमेव संग्रहालय असतं, कोणी तशी पाटी लावलेली नसली तरी. ते पुन्हा मिळवायला गाईडची सही किंवा मुदतवाढ उपयोगाची नाही.

म्हणून घराबाहेरची तिसरी प्रत कुठे ठेवावी याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्यांचं बाड आहे त्यांच्याच घरी. फोटो घेतल्यावर महिन्याभरात त्यांना पेनड्राइव्ह द्या, आणि घरात कॉम्प्युटर नसेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून द्या, बाडाच्याच मापाची, वरच्या कडेला शिवलेली. तालुक्याच्या गावी कोणताही बाइंडर पाऊण तासात करून देतो. अशी प्रत कपाटात जात नाही, घरातलं किंवा गावातलं कोणी ना कोणी ती भजनाला घेऊन बसतं. पहिल्या पानावर मात्र लिहून द्या: मूळ बाड कोणाकडचं, फोटो कोणत्या तारखेचे, पानं किती, आणि कोणती पानं वाचता आली नाहीत.